कोणाचा धूर किती? जगातल्या प्रदेशांच्या उत्सर्जनाची तुलना स्वतः करायची तर

एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. पडद्यावर दोन ओळी होत्या. जीवाश्म इंधनांपासून जगाचं वार्षिक उत्सर्जन सुमारे १० अब्ज टन आणि त्याखाली चीनचं सुमारे १२ अब्ज टन. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, चीन जगात येत नाही का?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. पहिला आकडा नुसत्या कार्बनच्या वजनाचा होता, दुसरा कार्बन डायऑक्साइडच्या. दोन वेगळ्या फायलींतून उचलून मी ते एकाखाली एक डकवले होते.

तेव्हापासून अशी तुलना करताना मी एक क्रम पाळतो. त्यात गणित सातवीच्या पलीकडचं नाही. लागतो तो एक्सेलसारखा तक्ता, एक मोफत फाइल आणि प्रत्येक आकड्याला "तू नक्की कशाचा?" असं विचारायची खोड.

पायरी १ : प्रश्न कागदावर लिहा

"सगळ्यात जास्त उत्सर्जन कोण करतं?" हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात निदान चार प्रश्न कोंबलेले असतात. या वर्षी एकूण किती? माणशी किती? आजवरचं मिळून किती? आणि कोणाच्या वापरासाठी किती? उत्तरं चारही वेगळी येतात आणि चारही खरी असतात.

२०२३ चे ढोबळ आकडे पाहा. कार्बन डायऑक्साइडचं जागतिक उत्सर्जन ३७ अब्ज टनांच्या वर. त्यात चीन सुमारे ११.९ अब्ज, अमेरिका ४.९, भारत ३.१, युरोपीय संघाचे २७ देश मिळून २.५ आणि अख्खा आफ्रिका खंड दीड अब्जाच्या आत. एकूण बघणारा म्हणेल, भारत युरोपीय संघाच्या पुढे गेला. बरोबर आहे. आता लोकसंख्येनं भागा. अमेरिका माणशी १४ टनांच्या वर, चीन ८ च्या वर, युरोपीय संघ साडेपाच, भारत दोनच्या आसपास, आफ्रिका एक. जगाची सरासरी पावणेपाचच्या जवळ. हेही बरोबर आहे.

तिसरा प्रश्न इतिहासाचा. कार्बन डायऑक्साइड वातावरणात शेकडो वर्षं रेंगाळतो, म्हणून १७५० पासूनची बेरीज मांडतात. त्यात अमेरिकेचा वाटा जवळपास एक चतुर्थांश, आजच्या युरोपीय संघाचा १७ टक्क्यांच्या आसपास, चीनचा १५ च्या आसपास, भारताचा साडेतीनच्या आसपास.

हवामान परिषदांमध्ये प्रत्येक देश आपल्याला सोयीचा प्रश्न निवडतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपण अभ्यास करणारे आहोत, तेव्हा आधी प्रश्न लिहायचा आणि मगच फाइल उघडायची. आकडे बघून प्रश्न ठरवला की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पायरी २ : एकक पक्कं करा

माझी फजिती इथलीच. एक टन कार्बन जळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो, कारण कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटून ४४ होतात. जुन्या तक्त्यांत आणि हवामानशास्त्राच्या लेखांत बऱ्याचदा नुसता कार्बन दिलेला असतो. जगाचा आकडा १० अब्ज दिसला तर तो कार्बनचा, ३७ दिसला तर डायऑक्साइडचा, हे तोंडपाठ ठेवा.

वजन वाढतं कसं, ते घरातल्या सिलिंडरवर बघा. त्यात १४.२ किलो गॅस असतो. एका किलोतून सुमारे ४७.३ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे अख्ख्या सिलिंडरातून सुमारे ६७२ मेगाज्यूल. एलपीजीचा प्रमाण गुणांक दर मेगाज्यूलला ६३.१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. गुणाकार केला की ४२ किलोंच्या थोडं वर उत्तर येतं. भरलेलं सिलिंडर लोखंडासकट तीसेक किलोचं असतं. म्हणजे खांद्यावर घेऊन माणूस जिना चढतो त्याहून जास्त वजनाचा वायू महिना-दीड महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून जातो. जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. ही आकडेमोड एकदा हातानं करा. जगाचे आकडेही असेच निघतात : इंधन किती, त्यात उष्णता किती, त्या उष्णतेमागे वायू किती.

मराठीत आणखी एक खड्डा आहे, मिलियन-बिलियन आणि लाख-कोटींचा. शंभर कोटी म्हणजे एक अब्ज, आणि बहुतेक फायलींत आकडे दशलक्ष टनांत असतात. भारताचे ३,१०० दशलक्ष टन म्हणजे ३१० कोटी टन. बातम्यांत इथे एक शून्य सहज हरवतं. मी तक्त्याच्या पहिल्याच ओळीत "दशलक्ष टन, कार्बन डायऑक्साइड" असं ठळक लिहितो आणि शेवटपर्यंत बदलत नाही.

पायरी ३ : हिशेबाची सीमा कुठे?

इथे जरा थांबू, कारण बहुतेक भांडणं इथलीच आहेत. उदाहरण गोव्याचं घेतो. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि रेल्वेनं घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. समजा, तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा कोकिंग कोळसा आहे, म्हणजे ज्याचा कोक करून पोलादासाठी वापरतात तो. त्याच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला धूर कोणाच्या नावावर चढतो ते पाहा.

खाणीतून कोळसा निघताना मिथेन सुटतो, तो ऑस्ट्रेलियाच्या खात्यात. जहाजानं समुद्रात जाळलेलं तेल कोणाच्याच खात्यात नाही. आंतरराष्ट्रीय जहाजं आणि विमानं यांचं इंधन देशांच्या बेरजेबाहेर वेगळं लिहितात, ते जगाच्या सुमारे तीन टक्के भरतं. कारखान्यात कोळसा वापरला की उत्सर्जन भारताच्या खात्यात. त्यातही एक मेख आहे. लोखंड गाळायच्या झोतभट्टीत कोक खनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचं काम करतो, म्हणून आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या, २००६ च्या नियमावलीत तो "ऊर्जा" या सदरात न धरता "औद्योगिक प्रक्रिया" या सदरात धरतात. नुसतं ऊर्जेचं सदर उचललंत, तर हा कोळसा हातातून निसटला.

पुढे ते पोलाद जहाजात बसून युरोपात गेलं, तरी नेहमीच्या, म्हणजे भूप्रदेशावर आधारलेल्या, हिशेबात उत्सर्जन भारताचंच राहतं. वापरावर आधारलेल्या हिशेबात मात्र ते पोलाद वापरणाऱ्या देशाच्या नावावर जातं. पहिल्या पद्धतीत वड्याचं तेल वांग्यावर निघतं, असं निर्यातदारांचं म्हणणं. चीन आणि भारत यांचे आकडे दुसऱ्या पद्धतीत कमी होतात, युरोपातल्या बऱ्याच देशांचे वाढतात. स्वित्झर्लंडचा आकडा तर काही पटींनी वाढतो. नॉर्वेची गंमत उलटी आहे. त्यांनी विकलेलं तेल आणि वायू जिथे जळतात त्या देशांच्या नावावर चढतात, आणि या दोन्ही पद्धतींत विकणाऱ्याकडे ते येत नाहीत.

हा वाद आता पुस्तकी राहिलेला नाही. युरोपीय संघानं सीमेवरची कार्बन-आकारणी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालामागच्या उत्सर्जनावरची आकारणी, ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती भरून घेण्यापुरती सुरू केली आणि २०२६ पासून तिचा प्रत्यक्ष टप्पा आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं त्यात येतात. निर्यातीत असलेल्या कारखान्यांच्या हिशेबनीसांना हे सदर आता पाठ झालं असेल.

सीमेबद्दल आणखी दोन गोष्टी. चुलीतलं लाकूड, शेणी, बायोगॅस यांचा कार्बन डायऑक्साइड जीवाश्म हिशेबात येत नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचे आकडे इतके लहान दिसण्याचं हेही एक कारण. सिमेंटचं मात्र बघून घ्या. चुनखडी भाजताना दगडातूनच वायू निघतो, तो इंधनाचा नव्हे. दरवर्षी जगाच्या कार्बनचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञांचा गट, ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट, तो जीवाश्म उत्सर्जनासोबत धरतो, नुसत्या इंधन-ज्वलनाच्या तक्त्यांत तो नसतो. जगातलं निम्मं सिमेंट चीन बनवतो, त्यामुळे फरक सर्वांत जास्त तिथे पडतो.

पायरी ४ : प्रदेशात कोण कोण?

"दक्षिण आशिया" म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ येतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी वर्गीकरणात दक्षिण आशियात इराणही बसतो. यानं काय होतं? भारताचे ३.१ अब्ज, पाकिस्तानचे सुमारे ०.२, बांगलादेशचे ०.१ आणि बाकीचे किरकोळ धरून ३.४ अब्ज टन होतात. लोकसंख्या जवळपास १९५ कोटी, म्हणून माणशी पावणेदोन टन. आता इराणचे सुमारे ०.८ अब्ज टन आणि ९ कोटी माणसं त्यात घाला. बेरीज ४.२ अब्ज आणि माणशी दोनच्या वर. एका देशाच्या ये-जा करण्यानं प्रदेशाचा आकडा जवळपास पावपट फुगला, आणि जगात एक किलोसुद्धा कोळसा जास्त जळला नाही.

मेक्सिको हा देश एनर्जी इन्स्टिट्यूट या ब्रिटनमधल्या संस्थेच्या वार्षिक ऊर्जा-तक्त्यांत उत्तर अमेरिकेत असतो, जागतिक बँकेकडे लॅटिन अमेरिकेत. इजिप्त एका ठिकाणी आफ्रिकेत, दुसऱ्या ठिकाणी मध्यपूर्वेबरोबर. तयार प्रदेश-बेरजा वापरायच्या असतील तर दोन संस्थांच्या एकत्र करू नका. त्याहून बरं म्हणजे देशांची यादी आपण करावी आणि बेरीजही आपणच.

"आशिया-पॅसिफिक" या नावापासून तर मी चार हात लांब राहतो. माणशी १४-१५ टनांचा ऑस्ट्रेलिया आणि एक टनही न गाठणारा नेपाळ एकाच पोत्यात. शितावरून भाताची परीक्षा भात एकजीव शिजलेला असेल तरच होते.

पायरी ५ : फाइल उतरवा आणि तक्ता मांडा

सुरुवातीला "आवर वर्ल्ड इन डेटा" या संकेतस्थळाची कार्बन डायऑक्साइडची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी) फाइल पुरे. तिच्यातले मुख्य आकडे ग्लोबल कार्बन प्रोजेक्टचे आहेत. देश, वर्ष, एकूण, माणशी, आजवरची बेरीज, वापरावर आधारलेला आकडा असे स्तंभ तयार मिळतात. युरोपीय आयोगाचा एडगर नावाचा साठा दुसरा. देशांनी स्वतः दिलेले अहवाल हवे असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या संकेतस्थळावर जावं लागतं. भारतानं २०२४ च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या अहवालात २०२० चा हिशेब आहे. सगळे हरितगृह वायू मिळून २,९५९ दशलक्ष टन, जंगल-जमिनीनं शोषलेलं वजा करून २,४३७. त्यात ऊर्जेचा वाटा तीन चतुर्थांशाच्या किंचित वर. विकसनशील देशांचे अधिकृत अहवाल असे बरेच मागे चालतात. म्हणून ताज्या तुलनेला पहिल्या दोन फायली, खोलात जायला हे अहवाल.

फाइल उघडल्यावर पहिलं काम गाळणी लावणं. "देश" या स्तंभात "वर्ल्ड", "एशिया", "हाय-इन्कम कंट्रीज" अशा ओळीही असतात. अख्ख्या स्तंभाची बेरीज मारलीत, तर जग स्वतःच्या कित्येक पट होऊन बसतं. अशा एकत्रित ओळींपुढे देशाच्या तीन अक्षरी संकेताची चौकट रिकामी असते. ती रिकामी असलेल्या ओळी काढून टाका. त्यांत विमान-जहाजांचीही ओळ जाते, तेव्हा ती बाजूला टिपून ठेवा. एक वर्ष निवडा, आपल्या यादीतले देश ठेवा, शेजारी लोकसंख्या घ्या.

दुसरी चूक माणशी आकड्यांची सरासरी काढण्याची. ती करू नका. कतार माणशी ४० टनांच्या आसपास, येमेन ०.३ च्या आसपास. सरळ सरासरी वीस टन. पण कतारची माणसं तीसेक लाख आणि येमेनची चारेक कोटी. आधी दोघांचं उत्सर्जन मिळवलं, मग एकूण माणसांनी भागलं, की येतात तीन टन. वीस कुठे, तीन कुठे! आधी बेरीज, मग भागाकार. हा क्रम उलटला की तक्ता गेला.

शेवटी पडताळा घ्या. तुमच्या सगळ्या प्रदेशांची बेरीज आणि विमान-जहाजांची ओळ मिळून जगाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. एखाद्या टक्क्याचा फरक चालतो. पाच टक्के पडले, तर एखादा देश राहिला आहे किंवा दोनदा आला आहे.

पायरी ६ : फरक का, ते इंधनात शोधा

समान उष्णतेसाठी कोळसा सर्वांत जास्त वायू सोडतो. दर गिगाज्यूलला दगडी कोळसा सुमारे ९५ किलो, डिझेल ७४, पेट्रोल ६९, नैसर्गिक वायू ५६. म्हणून वायूवर चालणारा प्रदेश आणि कोळशावर चालणारा प्रदेश तेवढीच ऊर्जा वापरूनही तक्त्यात दूर दूर बसतात. भारताच्या कार्बन डायऑक्साइडपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास कोळशाचा आहे. चंद्रपूरच्या चिमण्या पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको.

मात्र कोळशाची तुलना टनांवर करू नका. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. किलोला ४,००० किलोकॅलरीचा कोळसा धरला तर टनामागे सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइड होतो, ६,००० किलोकॅलरीच्या कोळशातून २.४. टनामागे आपला कमी दिसला, म्हणून तो स्वच्छ ठरत नाही. तेवढीच वीज काढायला तो जास्त लागतो, आणि राखेचे डोंगर उरतात ते वेगळेच.

या गुणांकांवर केवढं काही टांगलेलं असतं, ते २०१५ साली चीनच्या बाबतीत दिसलं. चीननं आपली ऊर्जा-आकडेवारी सुधारली आणि मागल्या काही वर्षांतला कोळसा आधी सांगितल्यापेक्षा बराच जास्त निघाला. एका वर्षासाठी तर १७ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी चीनमधल्या खाणींतल्या कोळशाचे नमुने तपासून झालेला एक अभ्यास आला. तो म्हणाला की तिथल्या कोळशाचा प्रत्यक्ष गुणांक प्रमाण गुणांकापेक्षा सुमारे ४० टक्के कमी आहे आणि २०१३ चं उत्सर्जन आधीच्या अंदाजाहून १४ टक्के कमी धरावं. एकानं आकडा वर ढकलला, दुसऱ्यानं खाली. तेव्हा दोन देशांतला फरक तीन-चार टक्क्यांचा असेल, तर त्यावरून कोण पुढे हे ठासून सांगू नका.

पायरी ७ : मिथेन घ्यायचा का?

प्रश्नात "हरितगृह वायू" लिहिलं असेल तर घ्यावाच लागतो. खाणी, तेलविहिरी आणि वायूच्या नळांतून गळणारा मिथेन आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं वर्षाला १२ कोटी टनांच्या आसपास आहे. शंभर वर्षांच्या मापानं एक टन मिथेन २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, म्हणून त्याला २८ नं गुणलं की सुमारे ३३६ कोटी टन होतात, म्हणजे भारताच्या वर्षभराच्या कार्बन डायऑक्साइडहून थोडे जास्त. वीस वर्षांचं माप घेतलं तर गुणक ८२ च्या पुढे जातो आणि तेच टन जवळपास हजार कोटी होतात. पॅरिस कराराचे अहवाल शंभर वर्षांचं माप आणि २८ हा गुणक वापरतात, म्हणून तुलनेला तेच घ्या. जुन्या तक्त्यांत २१ किंवा २५ दिसेल. ते तसेच मिसळू नका, आधी त्या गुणकानं भागून मूळ मिथेनच्या टनांवर या.

गुरं आणि भातशेती यांचा मिथेन या तुलनेत नाही, कारण ती इंधनांची आहे. आपल्याकडच्या मिथेनमध्ये मोठा वाटा त्यांचाच, त्यामुळे या पायरीला भारताचा आकडा फारसा हलत नाही. तुर्कमेनिस्तानसारख्या वायूच्या देशाचा मात्र चांगलाच हलतो.

पायरी ८ : आरंभवर्ष

वाढ-घट कोणत्या वर्षापासून मोजायची, यावरही उत्तर बदलतं. १९९० हे रशियाचं आवडतं वर्ष. सोव्हिएत कारखाने तेव्हा चालू होते, नंतर ते बंद पडले आणि उत्सर्जन आपोआप कोसळलं. अडीच अब्जांवरून आज १.८. अमेरिकेचा हिशेब १९९० पासून मांडला तर घट जेमतेम चार टक्के, २००५ पासून मांडला तर वीस टक्क्यांच्या जवळ, आणि अमेरिकेनं आपलं उद्दिष्ट मांडताना घेतलं ते २००५. युरोपीय संघाला १९९० मानवतं : ३.९ वरून २.५ अब्ज. भारत १९९० पासून पाचपट वाढला आहे, म्हणून आपण २००५ पासूनची, आणि तीही एकूण उत्सर्जनाची नव्हे तर जीडीपीच्या एककामागची घट सांगतो. २०३० पर्यंत ४५ टक्के. सगळेच हुशार.

मी निदान दोन आरंभवर्षं घेतो आणि शक्य असेल तर पूर्ण रेघ काढतो. २०२० हे साल सुरुवातीला किंवा शेवटाला कधीच घेऊ नये. टाळेबंदीचा खड्डा आहे तिथे. भारताचे काही आकडे एप्रिल ते मार्च असे असतात, तेही पाहून घ्या.

पायरी ९ : आलेखाखालची ओळ

आलेख सुटा फिरतो. कुटुंबाच्या ग्रुपवर पोचतो तेव्हा सोबतचा लेख गळून गेलेला असतो, म्हणून सीमा, एकक, वर्ष आणि देशांची यादी चित्रातच हवी, पुसट अक्षरांत का होईना. त्या कॉलेजातल्या पडद्यावर आज मी हे लिहीन :

"२०२३. जीवाश्म इंधनं आणि सिमेंट, फक्त कार्बन डायऑक्साइड, दशलक्ष टन. भूप्रदेशावर आधारित, आंतरराष्ट्रीय विमानं-जहाजं वेगळी. दक्षिण आशियात इराण धरलेला नाही. माणशी आकडा : प्रदेशाची बेरीज भागिले प्रदेशाची लोकसंख्या."